राजवाडे, टेप आणि ‘स्टोरेज फुल’ झालेला फोन

मागच्या दिवाळीत तळोद्याला घरी गेलो, तर आईचा फोन अडून बसलेला. स्टोरेज फुल. धाकट्या भावाने जुने व्हिडिओ एका दमात उडवले. फोन पळायला लागला, पण आजीने म्हटलेली अहिराणी गाणीही त्यातच गेली. आजी आता नाही.

गंमत म्हणजे ऑफिसात माझं कामच जुना डेटा डिस्कवरून टेपवर हलवण्याचं आहे. तेव्हा मला आठवले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे.

डेटा गोळा करणारा माणूस

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा जन्म 1863 चा. 1890 मध्ये ते डेक्कन कॉलेजातून बीए झाले. बायको लवकर वारली, पुन्हा लग्न केलं नाही. पुढचं सगळं आयुष्य कागदांमागे गेलं. जुन्या वाड्यांत, माळ्यांवर, पेट्यांत मराठेशाहीची पत्रं पडून होती. वाळवी, उंदीर आणि ओल त्यांना खात होती. घरच्यांना ती अडगळ वाटायची. राजवाडे गावोगाव फिरून, लोकांना गळ घालून ती मिळवायचे. स्वभाव तापट, राहणी साधी, खिशात पैसा नाही.

नुसतं गोळा करून ते थांबले नाहीत. पत्रं मोडी लिपीत होती. ती त्यांनी देवनागरीत उतरवून छापली. 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. असे 22 खंड झाले. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्याच्या संस्थापकांत ते होते. शेवटची वर्षं धुळ्यात काढली आणि तिथेच 31 डिसेंबर 1926 ला ते गेले. पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघालं. 1998 पर्यंत आमचा तळोदा धुळे जिल्ह्यातच होता, म्हणून हा माणूस आम्हाला जवळचा.

आता टेपकडे वळू

रोज न लागणाऱ्या डेटाला आमच्याकडे ‘कोल्ड डेटा’ म्हणतात. तो महागड्या डिस्कवर ठेवणं परवडत नाही. एलटीओ-9 या एका टेपवर 18 टेराबाइट मावतात, म्हणजे 128 जीबीचे सुमारे 140 फोन! कपाटातल्या टेपला वीज लागत नाही, आणि ती ड्राइव्हमध्ये नसेल तर व्हायरसही तिच्यापर्यंत पोचत नाही. तोटा एकच: हवी ती फाइल लगेच मिळत नाही, कॅसेटसारखी टेप पुढे सरकवावी लागते. 2011 मध्ये जीमेलच्या काही खात्यांतले मेल गायब झाले, तेव्हा गूगलने ते टेपवरूनच परत आणले.

पण नियम पाळावे लागतात, आणि त्यातले बरेचसे राजवाड्यांच्या कामात दिसतात:

1. यादी हवी. कुठल्या टेपवर काय आहे हे माहीत नसेल, तर ती टेप म्हणजे बंद पेटीच.
2. एकापेक्षा जास्त प्रती हव्यात. छापलेला खंड अनेक घरांत पोचतो, मूळ पत्र एकाच माळ्यावर असतं.
3. फॉरमॅट बदलत राहायचा. मोडी वाचणारे कमी झाले, तसंच टेपचंही होतं. एलटीओ-9 ड्राइव्ह एलटीओ-7 ची टेप वाचत नाही. म्हणून दर काही वर्षांनी नव्या टेपवर कॉपी करायची.
4. कॉपी तपासल्याशिवाय डिस्कवरचं उडवायचं नाही. आम्ही चेकसम जुळवतो, मगच डिलीट.

चौथा नियम मला रोज ऑफिसात पाळावा लागतो. घरी मात्र कुणाला कधी सांगितला नव्हता.

तुम्हाला टेप घ्यायची गरज नाही. दोन हार्ड डिस्क घ्या, एक घरी आणि एक नातेवाइकाकडे ठेवा. फोल्डरला नाव, गाव, तारीख द्या. दोन-चार फाइल्स उघडून बघा आणि मगच फोन रिकामा करा. आईच्या फोनचं मी आता तेच केलंय. आजीची दोन गाणी मामाच्या फोनमध्ये सापडली. त्यांच्या आता तीन प्रती आहेत. बाकीची अजून शोधतोय.