कण्हेरखेडचे पाटील, दिल्लीचे कारभारी

कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनाची पायरी दिल्लीतील बहुतेक मराठी कुटुंबे कधी ना कधी चढलेली आहेत. तेथून तालकटोरा आणि रकाबगंज ही ठिकाणे काही फार दूर नाहीत. मार्च १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावांच्या फौजेने याच परिसरात बादशाही सैन्याचा पराभव केला, तेव्हा नवी दिल्ली नव्हतीच. शहराच्या तटाबाहेरचे हे मोकळे रान होते. त्या लढाईत मल्हारराव होळकरांच्या बरोबरीने राणोजी शिंदे होते. शिंदे घराण्याचा दिल्लीशी जो संबंध पुढे तीन पिढ्या टिकला, त्याचा हा प्रारंभ म्हणावयास हरकत नाही.

राणोजी हे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातले. पेशव्यांचे जोडे छातीशी धरून ते झोपी गेले होते, त्या निष्ठेमुळे त्यांचा उत्कर्ष झाला, अशी आख्यायिका आपण लहानपणी ऐकलेली असते. आम्हांस तीपेक्षा त्यांची माळव्यातील कामगिरी अधिक बोलकी वाटते. १७४५ मध्ये ते निवर्तले आणि सरदारी थोरले पुत्र जयाप्पांकडे आली. येथून पुढे या घराण्याचा वंशवृक्ष वाचताना मन विषण्ण होते. १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात जयाप्पांची दगाबाजीने हत्या झाली. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर दत्ताजी पडले. त्यांचे अखेरचे उत्तर मराठी मुलांना तोंडपाठ असते. पण ते ज्या बुराडीत उच्चारले गेले, ती आपल्याच दिल्लीच्या उत्तर टोकाची वस्ती आहे, हे आमच्यापैकी कितीजण मुलांना दाखवितात? पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर तुकोजी गेले आणि जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजी कैद होऊन मारले गेले. सहा वर्षांत एका घरातील इतके पुरुष!

महादजी याच घरातले, राणोजींचे धाकटे पुत्र. जन्म १७३० च्या सुमाराचा. पानिपतावरून परतताना एका अफगाण स्वाराने त्यांना गाठून पायावर घाव घातला आणि मृत समजून तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या पखालीच्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. पाय कायमचा अधू झाला. महादजींनी राणेखानाला पुढे भाऊ मानले आणि सेनापतिपदापर्यंत चढविले.

सरदारी त्यांना सहजासहजी मिळाली नाही. भाऊबंदांचे दावे आणि पुण्याची राजकारणे यांत सात वर्षे गेली. १७६८ मध्ये थोरल्या माधवरावांनी ती त्यांच्याकडे कायम केली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या, आणि जानेवारी १७७२ मध्ये शाह आलम बादशहा त्यांच्या संरक्षणाखाली राजधानीत परतला. हे एकट्या महादजींचे यश नव्हे. विसाजी कृष्ण बिनीवाले आणि तुकोजी होळकरही त्यात होते. परंतु पानिपताचा घाव प्रत्यक्ष अंगावर वागविणारे महादजीच होते.

१७७९ च्या आरंभी वडगावला इंग्रज फौजेला शरण यावे लागले, त्यातील त्यांचा वाटा आणि १७८२ च्या सालबाईच्या तहातील मध्यस्थी सर्वश्रुत आहे. १७८४ च्या अखेरीस बादशहाने वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांना दिले आणि त्यांच्या वतीने कारभार महादजींच्या हाती आला. पद मोठे, पण खजिना रिकामा! फौजेचे पगार थकलेले, राजपूत राजांची खंडणी येत नाही, पुण्याहून मदत वेळेवर नाही. सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या आमच्यासारख्यांना या अडचणीचे मर्म लवकर कळते. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत बादशाही पलटणीच शत्रूला जाऊन मिळाल्या आणि महादजींना माघार घ्यावी लागली. या काळात गुलाम कादिराने दिल्ली बळकावली आणि ऑगस्ट १७८८ मध्ये वृद्ध बादशहाचे डोळे काढले. महादजींनी मदतीस विलंब केला, हा आक्षेप आजही घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण लालसोटनंतर त्यांच्यापाशी काय उरले होते, हेही पाहिले पाहिजे. ऑक्टोबरात राणेखानाने दिल्ली सोडविली. पानिपतावरचा तो भिस्ती लाल किल्ल्यात विजयी सेनापती म्हणून शिरला, हा प्रसंग आम्हांला साऱ्या चरित्रात सर्वांत हृद्य वाटतो.

पुढे महादजींनी सव्हॉयच्या द बॉयनकडून कवायती पायदळ वाढविले आणि आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना चालविला. द बॉयनच्या पलटणींना दुआबातील महाल तोडून दिल्याने त्यांचा पगार वेळेवर होई. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे त्याचे फळ दिसले.

१७९२ मध्ये ते पुण्यास गेले. पेशव्यांना बादशाही सनदा समारंभाने अर्पण करताना त्यांनी स्वतःला पाटीलच म्हणविले. नाना फडणीसांशी त्यांचे पूर्ण जुळले नाही, आणि १७९३ मध्ये लाखेरीस शिंदे-होळकरांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. ही घटना आम्हांला पानिपताइतकीच दुःखद वाटते. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्यानजीक वानवडीस त्यांचे देहावसान झाले. तेथे त्यांची छत्री आहे.

महादजींना पुत्र नव्हता. पानिपतावर पडलेल्या तुकोजींचे नातू दौलतराव गादीवर आले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम चौदा-पंधरा होते. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने त्यांच्या पलटणींचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईचा स्मारकस्तंभ नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. तो इंग्रजांनी आपल्या सेनापतीच्या स्मरणार्थ उभारलेला आहे.