स्वतःला घर नाही, लोकांसाठी धर्मशाळा: गाडगेबाबांच्या बांधकामांमागचा विचार

गाडगेबाबा म्हटलं की हातातला खराटा आणि डोक्यावरचं गाडगं डोळ्यासमोर येतं. पण या माणसाने घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या, आणि त्या कुठे बांधायच्या, कोणासाठी बांधायच्या याचा बारीक विचार केला, ही गोष्ट तेवढी सांगितली जात नाही.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परटाचं. वडील लवकर गेले, मग आई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी माहेरी आली. डेबूने मामाच्या घरी गुरं राखली, वावरात नांगर धरला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. सावकाराच्या कर्जापायी जमीन कशी जाते, हे मात्र जवळून पाहिलं. लग्न झालं, लेकरं झाली आणि १ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे हा माणूस घर सोडून निघाला.

पुढे बारा वर्षं गावोगाव पायी फिरणं. झाडाखाली झोपणं, मिळेल ती भाकर गाडग्यात घेऊन खाणं. या भटकंतीत त्यांना एक गोष्ट चांगली कळली: परक्या गावात रात्र काढायची जागा नसली की माणसाचे काय हाल होतात. पुढची सगळी बांधकामं या अनुभवातून उभी राहिली.

चिखलातून निघाला घाट

सुरुवात झाली ऋणमोचनला. भातकुली तालुक्यातलं हे गाव पूर्णा नदीच्या काठावर आहे. पौष महिन्यात इथे यात्रा भरते. पूर्णेचा काठ म्हणजे काळी चिकट माती. ओली झाली की पाय टिकत नाही. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया पाण्यापर्यंत जाता-येता घसरायच्या. देवाला आलेला माणूस कंबर मोडून घरी जायचा. बाबांनी हे पाहिलं आणि लोकांना कामाला लावून १९०८ च्या सुमारास तिथे घाट उभा केला.

घाट म्हणजे तसं पाहिलं तर साध्या पायऱ्याच. पण नदीचं पाणी पावसाळ्यात वर येतं, उन्हाळ्यात खाली जातं. पायऱ्या नीट असल्या की पाणी कुठेही असो, माणूस सुखरूप तिथपर्यंत पोचतो. बायांना धुणं धुवायला, घागर टेकवायला जागा मिळते. बाबांचं लक्ष शोभेपेक्षा घसरणाऱ्या पायाकडे होतं.

ज्याला दार बंद, त्याच्यासाठी छप्पर

पंढरपूरला वारीत लाखो लोक येतात. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता, आणि मुक्कामाला कोणी ओसरीही देत नव्हतं. पावसात, चिखलात उघड्यावर रात्र काढायची. बाबांनी त्यांच्यासाठी १९२० च्या आसपास चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पंढरपूरच्या देवळाचं दार दलितांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे देवळाच्या किती तरी वर्षं आधी बाबांच्या धर्मशाळेचं दार उघडलं होतं. १९४९ मध्ये ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर इथेही धर्मशाळा झाल्या. पैसा लोकांचा, बऱ्याचदा श्रीमंतांचा. बाबा कीर्तनात मागायचे आणि लोक द्यायचे. स्वतः मात्र कुठल्याच धर्मशाळेचे मालक झाले नाहीत. घरच्या माणसांचाही तिथे हक्क ठेवला नाही.

रोग्याबरोबर आलेला माणूस

बाबांची नजर किती बारीक होती, हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेवरून कळतं. ती झाली १९५४ साली. दवाखान्यात रोग्याला खाट मिळते, औषध मिळतं. पण त्याच्यासोबत खेड्यातून आलेली बायको, म्हातारा बाप? ते झोपणार कुठे, खाणार काय? शहरात ओळख नाही, लॉजला पैसे नाहीत. दवाखाना बांधणाऱ्यांनी रोग्याचा विचार केला, बाबांनी त्याच्यासोबतच्या माणसाचा केला. आणि जागा धरली दवाखान्याच्या जवळच, कारण रात्री-अपरात्री बोलावणं आलं तर धावत जाता यायला पाहिजे. आजही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरचे गरीब रोगी आणि त्यांचे नातेवाईक मुक्कामाला असतात. त्यात आपल्या भागातलीही माणसं असतात.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, गाडीतच बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीला गाडगेनगरात आहे.

आज काय घ्यायचं?

आज गावोगाव निधी येतो, बांधकामंही होतात. पण बसथांबा असा असतो की दुपारचं सगळं ऊन आत येतं. समाजमंदिर बांधतात आणि बायांसाठी संडास विसरतात. संडास बांधतात तर पाण्याची सोय नसते. दवाखान्याला पायऱ्या असतात, पण म्हाताऱ्याला धरायला कठडा नसतो. पैसा खर्च होतो, फलक लागतो आणि इमारतीत कुलूप किंवा कडबा राहतो.

बाबांना नकाशा वाचता येत नव्हता. त्यांची रीत साधी होती. आधी जागेवर जायचं, हाल कोणाचे होतात ते पाहायचं, मग दगड रचायचा. ग्रामसभेत पुढचा बांधकामाचा ठराव येईल तेव्हा किती लाखांचं काम आहे हे तर विचाराच. पण इथे कोण बसणार, कोण झोपणार, पाणी कुठून येणार आणि कोण बाहेर राहणार, हेही हात वर करून विचारा. ठराव मंजूर होण्याआधीच विचारा, कारण भिंत उभी राहिली की मग कोणी ऐकत नाही.