हस्तिदंती मुठींची दोन पिस्तुले

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर कायदा पोहोचण्याआधी पिस्तूल पोहोचले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील त्या प्रदेशात अनेकांच्या कमरेला शस्त्र असे. पण शस्त्र आणि माणूस यांची ओळख एकमेकांत पुरती मिसळून गेली, असे उदाहरण जेम्स बटलर हिकॉकचे. जग त्याला ‘वाइल्ड बिल’ या नावाने ओळखते. उलट्या खोचलेल्या, हस्तिदंती मुठींच्या दोन पिस्तुलांशिवाय त्याचे चित्र पूर्ण होत नाही. या पिस्तुलांनी त्याला कीर्ती दिली, अनेकदा जीवदान दिले आणि एका रात्री आयुष्यभर पुरेल असे दुःखही दिले.

हिकॉकचा जन्म २७ मे १८३७ रोजी इलिनॉय राज्यातील होमर या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे आणि गुलामगिरीच्या विरोधातले. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना आसरा देण्याच्या कामी त्याच्या कुटुंबाचा हातभार लागत असे. नेमबाजीचा छंद त्याला लहानपणीच जडला. १८५५ साली तो घर सोडून कॅन्सासकडे निघाला. पुढे मालवाहतूक करणाऱ्या एका कंपनीच्या नोकरीत तो नेब्रास्कातील रॉक क्रीक या ठाण्यावर आला. १२ जुलै १८६१ रोजी ठाण्याच्या जागेचे थकलेले पैसे मागण्यासाठी आलेला डेव्हिड मॅककॅनलस आणि त्याचे दोन साथीदार तेथे मारले गेले. न्यायालयाने हिकॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांना स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सोडून दिले; पण त्याच्या नावाभोवतीच्या दंतकथेला येथूनच प्रारंभ झाला.

यादवी युद्धात त्याने उत्तरेच्या सैन्यात वाटाड्या आणि हेर म्हणून काम केले. युद्ध संपल्यावर, २१ जुलै १८६५ रोजी, मिझुरीतील स्प्रिंगफील्ड गावच्या चौकात डेव्हिस टट याच्याशी त्याचा सामना झाला. जुगारातील देण्यापोटी टटने हिकॉकचे खिशातले घड्याळ उचलले होते आणि ते चारचौघांत मिरवू नये, ही ताकीद धुडकावली होती. सुमारे ७५ यार्डांवरून झाडलेल्या हिकॉकच्या एकाच गोळीने टट कोसळला. ज्यूरीने हिकॉकला निर्दोष ठरवले. १८६७ च्या फेब्रुवारीत ‘हार्पर्स’ मासिकात त्याच्यावर मोठा लेख प्रसिद्ध झाला आणि रॉक क्रीकच्या तीन बळींचे दहा झाले. एका सरहद्दीवरच्या माणसाचा रातोरात राष्ट्रीय नायक बनला.

त्याचे आवडते शस्त्र म्हणजे सॅम्युअल कोल्टच्या कारखान्यातील १८५१ चे ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर. साडेसात इंचांची नळी, सहा गोळ्यांचे फिरते चक्र आणि सव्वा किलोच्या आसपास वजन. कोल्टने यंत्रावर घडवलेली ही पिस्तुले लाखोंच्या संख्येने विकली गेली. नळीला आणि चक्राला निळसर काळी झिलई, पोलादी सांगाड्यावर हाडाच्या व चामड्याच्या कोळशात भाजून आणलेले चित्रविचित्र रंग, मुठीच्या पितळी पट्ट्यांवर चांदीचा मुलामा आणि अक्रोडाच्या लाकडाची मूठ, असे त्याचे नेहमीचे रूप. मात्र यंत्राने एकसारख्या केलेल्या वस्तूला आपलेसे करण्याची हौस माणसाला स्वस्थ बसू देत नाही. ऐपत असलेले लोक नळीवर नक्षी कोरून घेत, सबंध पिस्तुलावर चांदीचा किंवा निकेलचा मुलामा चढवत, लाकडी मुठीच्या जागी हस्तिदंती मूठ बसवत. कोणी चापाचा खटका घासून हलका करी, कोणी खिशात मावावी म्हणून नळी कापून आखूड करी. यात मिरवण्याचा भाग होताच, पण निव्वळ मिरवणेच नव्हते. रोज अंगावर वागवल्या जाणाऱ्या शस्त्राला घाम लागतो आणि काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषून पोलाद गंजवते. मुलाम्याने त्याला काहीसे संरक्षण मिळे.

हिकॉकनेही आपली शस्त्रे याच पद्धतीने निवडली. हस्तिदंती मुठींची दोन नेव्ही पिस्तुले तो पट्ट्यात किंवा कमरेच्या शेल्यात, मुठी पुढे करून खोचत असे. १८६९ च्या सुमाराच्या त्याच्या छायाचित्रात ती स्पष्ट दिसतात. परंतु या देखणेपणामागे रोजची कठोर शिस्त होती. ही पिस्तुले आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीच्या जातीची होती. प्रत्येक कप्प्यात दारू आणि गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची. आणि दारूला रात्रभरात ओल लागली, तर ऐन वेळी बार फुसका जायचा. म्हणून सकाळी जुने बार उडवून, पिस्तूल साफ करून ते नव्याने भरण्याचा हिकॉकचा नेम होता. जगणे आणि मरणे यांच्यातील अंतर किती थोडे असते, याची रोजची आठवणच ती.

१८६९ साली तो कॅन्सासमधील हेज सिटीचा शेरीफ झाला. १५ एप्रिल १८७१ रोजी दरमहा १५० डॉलर वेतनावर त्याची अ‍ॅबिलीनच्या मार्शलपदी नेमणूक झाली. टेक्सासहून गुरांचे तांडे येथे येत आणि रेल्वेने पूर्वेला जात. महिनोन्‌महिने वाटचाल केलेले गुराखी हाती पैसे पडताच दारूच्या गुत्त्यांकडे वळत. गावात शस्त्र बाळगण्यास मनाई होती आणि ती अमलात आणणे हे हिकॉकचे काम होते.

५ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री फिल को या जुगाऱ्याने गावात बार उडवला. हिकॉक धावत गेला. कोने त्याच्यावर गोळी झाडली, तेव्हा हिकॉकने त्याला अगदी जवळून टिपले. तोच अंधारातून हाती पिस्तूल घेतलेला आणखी एक माणूस धावत आला. हिकॉक वळला आणि त्याने पुन्हा चाप ओढला. आलेला माणूस शत्रू नव्हता. त्याच्याच मदतीला धावून आलेला त्याचा सहकारी माइक विल्यम्स होता. तो तत्काळ मरण पावला. कोही काही दिवसांनी गेला. त्याच्या अंत्यविधीचा खर्च हिकॉकने केला, असे सांगतात ते विल्यम्सबद्दल. डिसेंबरमध्ये गावाने मार्शलची गरज उरली नसल्याचे ठरवून त्याला कामावरून कमी केले. त्यानंतर हिकॉकच्या हातून कोणाचा जीव गेल्याची नोंद नाही.

त्याची तयारी चुकली नव्हती. पिस्तूल चालले, हात स्थिर राहिला, नेम अचूक बसला. चुकले ते एवढेच की, समोर कोण आहे हे पाहण्यास लागणारा क्षण त्या तयारीत शिल्लक उरला नव्हता.

उतरणीचा काळ येथून सुरू झाला. १८७३-७४ मध्ये बफेलो बिल कोडीच्या नाटकात तो स्वतःचीच भूमिका करीत रंगमंचावर उभा राहिला. पण ते जिणे त्याला मानवले नाही. दृष्टी मंदावत चालली होती. ५ मार्च १८७६ रोजी सर्कसच्या मालकीण अ‍ॅग्नेस लेक यांच्याशी त्याने विवाह केला आणि काही काळातच सोन्याच्या शोधात डाकोटातील डेडवूड गाठले.

२ ऑगस्ट १८७६ च्या दुपारी तो तेथील एका गुत्त्यात पत्त्यांच्या टेबलाशी आला. भिंतीला पाठ लावून बसण्याची त्याची सवय होती. त्या दिवशी ती जागा दुसऱ्याने घेतली होती. त्याने ती मागितली. पण समोरच्याने ती दिली नाही आणि हिकॉक दाराकडे पाठ करून बसला. जॅक मॅककॉल नावाच्या माणसाने मागून येऊन त्याच्या डोक्यात गोळी घातली. त्याच्या हातात काळे एक्के आणि अठ्ठे होते, असे सांगितले जाते. तो डाव आजही ‘मृताचा डाव’ म्हणून ओळखला जातो. तेव्हा हिकॉक ३९ वर्षांचा होता. खाणकामगारांच्या न्यायालयाने मॅककॉलला सोडले. परंतु डेडवूडमध्ये त्या न्यायालयाला कायद्याचा आधार नव्हता. त्यामुळे पुन्हा खटला चालून १ मार्च १८७७ रोजी यँक्टन येथे त्याला फाशी देण्यात आली.

डेडवूडच्या माउंट मोरिया दफनभूमीत हिकॉकची समाधी आहे. समोरून आलेल्या प्रत्येक संकटासाठी त्याने रोज सकाळी नव्याने बार भरला होता. पाठीमागून येणाऱ्यापुढे तो नेम कामी आला नाही. आणि अ‍ॅबिलीनच्या अंधारात तो आपल्याच माणसावर चालला होता.