लोखंडावर पोट भरणारे आणि विनोग्राडस्की

बोअरच्या पाण्याच्या टाकीत तळाशी साचणारा तांबूस, बुळबुळीत गाळ तुम्ही पाहिला असेलच. आपण नाक मुरडतो आणि पाइप गंजला असं म्हणून मोकळे होतो. पण दोष दर वेळी पाइपचा नसतो! असाच गाळ एका माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला जगण्याची नवीच तऱ्हा दिसली.

सर्गेई विनोग्राडस्की यांचा जन्म १८५६ चा, कीव्हमधला. घर श्रीमंत. आधी कायद्याला प्रवेश घेतला, मग विज्ञानाला. तिथेही मन रमेना म्हणून सेंट पीटर्सबर्गला पियानो शिकायला गेले. थोडक्यात काय, ब्रँच काही जमेना! १८७७ मध्ये पुन्हा विज्ञानाकडे वळले, ते मात्र कायमचे.

१८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला डी बारी यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे आधी गंधकावर जगणारे जिवाणू अभ्यासले आणि १८८८ मध्ये लोहाचे. झऱ्यातल्या तांबूस गाळात लेप्टोथ्रिक्स नावाचे धाग्यासारखे जिवाणू असतात. त्यांना फेरस लोह असलेलं पाणी दिलं की त्यांच्या भोवतीचं आवरण तांबूस होई, नाहीतर रंगहीनच राही. यावरून विनोग्राडस्कींनी निष्कर्ष काढला की हे जीव फेरसचं फेरिक करतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. ही ऊर्जा असते अगदी तुटपुंजी. म्हणून मूठभर जिवाणू आणि ढीगभर गंज!

यावर वाद झाला. साध्या पाण्यात नुसती हवासुद्धा फेरस लोह पटकन गंजवते, मग जिवाणूचं काम वेगळं ओळखायचं कसं? आम्लात मात्र हवेचं काम फार मंद चालतं. १९४७ मध्ये कोळसा खाणीतल्या आम्लयुक्त पाण्यात लोहावर जगणारा जिवाणू सापडला आणि मूळ कल्पनेला भक्कम आधार मिळाला.

मधल्या काळात विनोग्राडस्कींनी बरंच सोसलं. १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये त्यांनी अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे करून नाव कमावलं. पुढे निवृत्त होऊन ते आपल्या जमीनजुमल्यावर राहायला गेले, तर रशियन क्रांतीत तोही गेला. देश सोडावा लागला. एखादा खचून गेला असता. पण १९२२ मध्ये, पासष्टी उलटल्यावर, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने बोलावलं आणि स्वारी पुन्हा कामाला लागली! मातीतल्या जिवाणूंवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९४९ मध्ये आला. १९५३ मध्ये ते गेले.

नाण्याची दुसरी बाजू नंतर उलगडली. १९८७ मध्ये अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळातून जिओबॅक्टर मिळाला. जिथे प्राणवायू नाही तिथे तो फेरिक लोहावर इलेक्ट्रॉन सोपवून त्याचं फेरस करतो, म्हणजे गंज पुन्हा विरघळवतो. हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही बरं का. बंगालच्या गाळात जिवाणूंनी असा गंज विरघळवला की त्याला चिकटलेलं आर्सेनिक सुटतं आणि हातपंपातून माणसांच्या पोटात जातं.

विनोग्राडस्कींची चिखलाची बाटली आजही प्रयोगशाळांत करतात. काचेच्या बरणीत तळ्याचा चिखल, कागदाचे तुकडे, थोडं अंड्याचं पिवळं घाला आणि खिडकीत ठेवा. काही आठवड्यांत तळ काळा पडेल. तो रंग लोह आणि सल्फाइडचा, जिवाणूंच्या कामाचा. फक्त झाकण नीट लावा, नाहीतर रूममेट बरणीसकट तुम्हालाही बाहेर काढेल!

आणि ब्रँच चुकली असं वाटत असेल, तर या पियानोवाल्याला आठवा.