दुसरा श्रीगणेशा

आपले नाव लिहिणे ही तुम्हांला आज किती सोपी गोष्ट वाटते! अनेक वर्षांच्या सरावाने हाताला तसे वळणच पडलेले असते. परंतु एकदा लेखणी नेहमीच्या हातातून काढून दुसऱ्या हातात धरा आणि तेच नाव लिहून पाहा. अक्षरे वेडीवाकडी होतील, ओळ खाली उतरेल, बोटे दुखू लागतील आणि आपण पुन्हा पहिलीच्या वर्गात बसून अक्षरे गिरवीत आहो की काय, असे तुम्हांला वाटेल. चार ओळी झाल्या, की लेखणी जुन्या हातात घेण्याचा मोह आवरणार नाही. पण ज्याचा जुना हातच गेला, त्याने काय करावे? ह्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या आयुष्याने देणारा एक नेमबाज हंगेरी देशात होऊन गेला. त्याचे नाव कारोय ताकाच.

हंगेरी हा मध्य युरोपातील एक लहानसा देश. त्याला समुद्रकिनारा नाही. डॅन्यूब ही मोठी नदी त्याच्या मधून वाहते आणि तिच्या दोन्ही तीरांवर बुडापेस्ट ही राजधानी वसलेली आहे. ह्याच नगरीत २१ जानेवारी १९१० रोजी कारोयचा जन्म झाला. तरुणपणी तो सैन्यात दाखल झाला. तेथे पिस्तुलाच्या नेमबाजीत त्याने इतकी प्रगती केली, की वयाच्या पंचविशीच्या सुमारास जगातील उत्तम नेमबाजांत त्याची गणना होऊ लागली.

ज्या प्रकारात त्याने नाव मिळवले, तो प्रकार मोठा अवघड आहे. नेमबाजापासून २५ मीटर अंतरावर पाच लक्ष्ये एका ओळीत उभी केलेली असतात. त्या काळी खूण होताच ती त्याच्याकडे तोंड करून वळत आणि ठरावीक वेळ संपताच पुन्हा फिरत असत. तेवढ्या अवधीत प्रत्येक लक्ष्यावर एक, अशा पाच गोळ्या झाडायच्या असतात. आरंभी त्यासाठी ८ सेकंद मिळतात, पुढे ६ आणि शेवटी तर केवळ ४! शिवाय पिस्तूल एकाच हाताने, तेही हात लांब करून, कोणत्याही आधारावाचून धरावे लागते. मनगट केसभर हलले, श्वास चुकला किंवा चाप घाईने ओढला गेला, की नेम हुकलाच म्हणून समजावे. असा हात घडवायला वर्षे लागतात. कारोयने तो घडवला होता आणि अर्थातच तो त्याचा उजवा हात होता.

१९३६ साली जर्मनीतील बर्लिन शहरी ऑलिंपिक सामने भरायचे होते. हंगेरीच्या संघात ताकाचची निवड होणार, असे कोणालाही वाटले असते. पण तसे घडले नाही. त्या वेळी हंगेरीच्या सैन्यातून केवळ अधिकारी दर्जाच्या सैनिकांनाच ह्या संघात घेत असत आणि कारोय तर साधा सार्जंट, म्हणजे आपल्याकडील हवालदाराच्या तोलाचा शिपाईगडी होता. नेम अचूक असूनही केवळ हुद्दा लहान म्हणून त्याला घरी राहावे लागले. अन्याय मनाला बोचणारा होता. परंतु त्याने सराव सोडला नाही. बर्लिनचे सामने आटोपल्यावर ती अट काढून टाकण्यात आली. आता १९४० सालच्या ऑलिंपिकचे दार त्याला उघडे झाले. त्याची दृष्टी त्या दिवसाकडे लागून राहिली.

पण दैवाच्या मनात काही निराळेच होते. १९३८ साली सैन्याच्या शिक्षणवर्गात हातबाँब फेकण्याचा सराव चालू होता. कारोयच्या हाती आलेला बाँब सदोष होता. तो फेकण्यापूर्वीच त्याच्या हातात फुटला. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा निकामी झाला. ज्या पंजाने इतकी वर्षे पिस्तूल पेलले आणि ज्या बोटाने हजारो वेळा चाप ओढला, तो पंजा आणि ते बोट ह्यांचा आता काहीच उपयोग उरला नाही. त्या वेळी त्याचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

सुमारे एक महिना त्याला रुग्णालयात काढावा लागला. जखमा भरत होत्या. परंतु आता पुढे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा होता. एखादा गवई आपला आवाज गमावून बसावा, तशी त्याची अवस्था झाली होती. अशा प्रसंगी मनुष्य नशिबाला बोल लावतो आणि भूतकाळाच्या आठवणी काढीत बसतो. तसे करण्याचा कारोयला पुरेपूर अधिकार होता. पण त्याने आपल्यापाशी काय गेले ह्यापेक्षा काय उरले, ह्याचा हिशेब मांडला. डोळे शाबूत होते. श्वासावरचा ताबा शाबूत होता. घाईच्या क्षणी मन शांत ठेवण्याची विद्या तर कोणत्याही बाँबने नाहीशी होणारी नव्हती. आणि डावा हात होता! तो नेमबाजीत अगदीच अडाणी होता, एवढेच काय ते उणे.

त्याच्या देशात असे एक उदाहरणही ताजे होते. ओलिव्हेर हालाशी नावाच्या जलतरणपटूचा डावा पाय गुडघ्याखाली तुटलेला होता. तरीही १९३२ आणि १९३६ ह्या दोन्ही ऑलिंपिकांत वॉटर पोलो ह्या पाण्यातील चेंडूच्या खेळात सुवर्णपदक मिळवणाऱ्या हंगेरीच्या संघात तो होता. शरीराचा एक भाग गेला म्हणजे खेळ संपलाच असे नाही, हे हंगेरीने पाहिलेले होते.

बरे होताच कारोयने डाव्या हाताचे शिक्षण आरंभिले. एखादे काम फार सोपे असले, की तो डाव्या हातचा मळ आहे, असे आपण म्हणतो. कारोयला मात्र ह्या डाव्या हाताने चांगलेच रडवले असेल. उजव्या हाताच्या नेमबाजाचे सारे शरीर उजव्या बाजूने घडलेले असते. उजवा खांदा लक्ष्याकडे, पाय त्या बेताने टाकलेले, मान त्या बाजूस वळलेली. आता हे सर्व उलटे करायचे होते. डाव्या खांद्याला आणि मनगटाला पिस्तुलाचे वजन क्षणभरही न डगमगता पेलण्याची सवय लावायची होती. नळीच्या टोकावरील माशी आणि लक्ष्य ह्यांचा मेळ नव्या बाजूने जुळवायचा होता. चाप कधीही न ओढलेल्या बोटाला तो हळुवार ओढण्यास शिकवायचे होते. जगातील उत्तम नेमबाजांत ज्याची गणना होत होती, तो आता अगदी नवख्या रंगरुटाप्रमाणे पहिल्या धड्याला बसला होता. त्याचा हा दुसरा श्रीगणेशा होता.

हा अभ्यास त्याने गुपचूप चालवला. कोणाची सहानुभूती त्याला नको होती आणि कोणाचा उपहासही नको होता. पहिले नेम हुकले, तेव्हा ते पाहायला कोणी नव्हते. पुढे ते लागू लागले, तेव्हा शाबासकी द्यायलाही कोणी नव्हते. दिवसांमागून दिवस गेले, महिने उलटले आणि तो अडाणी हात शहाणा होत गेला.

१९३९ सालच्या वसंत ऋतूत हंगेरीची राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरली. कारोय तेथे आलेला पाहून त्याच्या जुन्या सोबत्यांना आनंद झाला आणि वाईटही वाटले. त्याच्या अपघाताबद्दल त्यांनी हळहळ व्यक्त केली. हात गेला असूनही आपला सामना पाहण्यासाठी तो अगत्याने आला, ह्याचे त्यांना कौतुक वाटले. तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, की आपण पाहायला आलेलो नसून स्पर्धेत भाग घ्यायला आलो आहोत. ऐकणारे थक्क झाले. स्पर्धा संपली तेव्हा तर त्यांना बोलायला शब्दच उरले नाहीत. कारण डाव्या हाताने नेम धरणारा कारोय ताकाच राष्ट्रीय विजेता ठरला होता! त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत विजयी झालेल्या हंगेरीच्या संघातही त्याचा समावेश होता.

आता १९४० चे ऑलिंपिक एका वर्षावर आले होते. पण त्याच वर्षी दुसऱ्या महायुद्धाचा भडका उडाला. १९४० चे सामने रद्द झाले. १९४४ चेही झाले नाहीत. युद्धाने सारा युरोप होरपळून निघाला. बुडापेस्ट शहराला वेढा पडला आणि डॅन्यूबवरील पूल उद्ध्वस्त झाले. जेथे माणसांच्या प्राणांचीच शाश्वती नव्हती, तेथे खेळांची आठवण कोणाला होणार? कारोयच्या उमेदीची वर्षे अशी निघून गेली. हुद्द्याने एकदा दार अडवले, अपघाताने दुसऱ्यांदा, आणि आता युद्धाने. तरीही त्याने पिस्तूल खाली ठेवले नाही.

शेवटी १९४८ साली इंग्लंडमध्ये लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कारोय तेव्हा अडतीस वर्षांचा होता. जलद नेमबाजीत सुवर्णपदक अर्जेंटिनाचा कार्लोस साएन्स वालिएन्ते मिळवणार, असा सर्वांचा अंदाज होता. कारण तो त्या वेळचा जगज्जेता होता. अशी हकीकत सांगतात, की सामन्यापूर्वी कारोयला पाहून त्याने आश्चर्याने विचारले, की तुम्ही येथे कशासाठी आलात? कारोयने नम्रपणे उत्तर दिले, की मी शिकायला आलो आहे. त्या उत्तरात थोडी मिस्किली असेल. पण ते खोटे मुळीच नव्हते. गेली दहा वर्षे तो दुसरे काय करीत होता?

नेमबाजीचे सामने बिस्ली येथील मैदानावर झाले. प्रत्येकाने ६० गोळ्या झाडायच्या होत्या. प्रत्येक नेमाला अधिकांत अधिक १० गुण, म्हणजे एकूण ६०० गुणांची ही परीक्षा होती. कारोयने त्यांपैकी ५८० गुण मिळवले. तो त्या वेळचा जागतिक विक्रम ठरला. वालिएन्ते ५७१ गुणांसह दुसरा आला. पदके वाटली गेली, तेव्हा त्या उमद्या प्रतिस्पर्ध्याने कारोयचे अभिनंदन केले आणि तुमचे शिकणे आता पुरे झाले, असा अभिप्राय दिला, असे म्हणतात. हरल्यावर असे बोलता येणे हाही मनाचा मोठेपणाच होय.

चार वर्षांनी, १९५२ साली, फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे पुन्हा ऑलिंपिक झाले. आपल्या सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे पहिलवान खाशाबा जाधव ह्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवून भारताची मान उंचावली, ते हेच ऑलिंपिक. ह्या सामन्यांत कारोयने ५७९ गुण मिळवून सुवर्णपदक दुसऱ्यांदा जिंकले. जलद पिस्तूल नेमबाजीचे सुवर्णपदक लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिलाच खेळाडू होय. दुसरा क्रमांक ५७८ गुणांनी, म्हणजे केवळ एका गुणाने मागे राहिलेल्या सिलार्द कुन ह्या हंगेरीच्याच मुलाचा होता. त्याने अद्याप विशीही गाठलेली नव्हती आणि विशेष म्हणजे तो कारोयचाच शिष्य होता. गुरू पहिला आणि शिष्य दुसरा, असा तो दुर्मीळ योग होता.

जय कोणाच्याही वाट्याला कायमचा येत नाही. १९५६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे छेचाळीस वर्षांच्या कारोयला आठव्या स्थानावर समाधान मानावे लागले. तरीही १९५८ साली मॉस्को येथील जागतिक स्पर्धेत त्याने एक कांस्यपदक मिळवलेच. हंगेरीच्या राष्ट्रीय स्पर्धांत तर त्याने एकूण ३५ विजेतेपदे पटकावली. एके काळी हुद्दा लहान म्हणून ज्याला संघाबाहेर ठेवले होते, तोच सैनिक लेफ्टनंट कर्नलच्या पदापर्यंत चढून निवृत्त झाला. स्वतः दोनदा धडे गिरवलेल्या ह्या माणसाने पुढे नव्या नेमबाजांना धडे दिले. ५ जानेवारी १९७६ रोजी बुडापेस्ट येथे त्याचे निधन झाले.

मुलांनो, कारोयच्या पराक्रमाची गोष्ट सांगताना लोक बहुधा त्याच्या दोन सुवर्णपदकांविषयी बोलतात. मला मात्र त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दिवस निराळाच वाटतो. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर ज्या दिवशी त्याने पहिल्यांदा डाव्या हातात पिस्तूल धरले, तो हा दिवस. त्या दिवशी नेम चुकला असेल, हात थरथरला असेल. एकदा निष्णात झालेल्या माणसाला पुन्हा अडाणी होणे फार जड जाते. त्याचा अभिमान आड येतो. कारोयने तो अभिमान बाजूला ठेवला आणि पाटी कोरी करून तो पुन्हा शिकायला बसला.

आजारपण, अपघात किंवा अपयश ह्यांमुळे तुमचीही एखादी आवडती गोष्ट कधी हातातून सुटेल. ती पूर्वीच्याच वाटेने परत मिळेल, असे नाही. कदाचित नवी वाट धरावी लागेल आणि त्या वाटेवर आरंभी तुम्ही सर्वांच्या मागे असाल. तेव्हा डाव्या हाताने आपले नाव लिहून पाहिलेला तो कागद आठवा. त्यावरची अक्षरे वेडीवाकडी असली, तरी नाव तुमचेच असते.