डॉक्टर आनंदीबाई जोशी व कोल्हापूर

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांमधून कित्येक मुली परिचारिकेचे शिक्षण घेण्यास शहरी जातात, व त्यांतील काही वर्ष पुरे होण्यापूर्वीच माघारी येतात. त्यांच्या हातांत कौशल्य नसते किंवा रोग्याची त्यांस किळस येते म्हणून नव्हे. पुस्तके इंग्रजी, व्याख्याने इंग्रजी, आणि मराठी शाळेत वाढलेल्या मुलीस वर्गात तोंड उघडण्याची लाज वाटते म्हणून. अशा मुलींच्या आईबापांनी व उपदेशक बंधूंनी पुढील चरित्र वाचावे अशी आमची इच्छा आहे.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. घराणे कल्याणच्या जोशांचे, जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी ह्या बिजवराशी त्यांचा विवाह झाला. गोपाळरावांनीच त्यांस आधी मराठी व मग इंग्रजी शिकविले. रीत मात्र कठोर होती, प्रसंगी मारही बसे. चौदाव्या वर्षी त्यांस मुलगा झाला, तो दहा दिवसांत वारला. स्त्रियांस स्त्री-वैद्य पाहिजे, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला.

कोल्हापुरास असता गोपाळरावांनी पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी मिशनकडे साह्य मागितले. ते पत्र वायल्डर साहेबांपर्यंत पोहोचले. १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशनचे काम आरंभिले ते हेच. त्या वेळी ते अमेरिकेत एक मासिक चालवीत होते. आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. जोशी पतिपत्नींनी ते मानले नाही. त्या कामाची फळे आम्हांस मिळाली आहेत, तरी येथे साहेबांची चूक झाली असेच आम्ही म्हणू. वाटेत पडलेल्या माणसास उचलताना शोमरोन्याने त्याचा धर्म विचारला नव्हता. पत्रव्यवहार मासिकात छापला, हे मात्र त्यांनी बरे केले.

१८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंस पत्र लिहिले, उत्तर आले, आणि चालीरीती, बालविवाह, स्त्रियांचे आजार अशा विषयांवर दोघींची पत्रे सुरू झाली. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. आमच्या मते ही पत्रे हीच त्यांची इंग्रजीची खरी शाळा. तेथे चुकले तर मार नव्हता, आणि सांगण्यासारखे मनात पुष्कळ होते.

केरी साहेबांनी जेथे १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापिले, त्या सेरामपुरातील कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी ह्या सतरा वर्षांच्या बाईने आपण अमेरिकेस का जातो, हे भर सभेत इंग्रजीतून सांगितले. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या व मावशींच्या घरी राहिल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात प्राचार्या रेचल बॉडली ह्यांनी त्यांस शिष्यवृत्ती दिली. तेथे जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या सबात इस्लामबुली ह्याही शिकत होत्या; तिघींपैकी एकीचीही मायबोली इंग्रजी नव्हती. आनंदीबाईंनी निबंधास विषय घेतला तो हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्राचा, म्हणजे परक्या भाषेत घरचे ज्ञान मांडले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली, त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय ते हेच. परंतु थंडी व परक्या देशातील राहणी ह्यांनी प्रकृती खचली होती, क्षय जडला होता. त्या स्वदेशी परतल्या, पण कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा मावशींकडे पाठविण्यात आली, व त्यांनी ती पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविली.

पुढे १८९२ मध्ये त्याच कॉलेजातून गुरुबाई करमरकर ह्या ख्रिस्ती भगिनी डॉक्टर झाल्या, आणि मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या कामी पुष्कळ वर्षे रोग्यांची सेवा करीत राहिल्या.