र. कृ. जोशी आणि बाबांची वही

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठी म्हणजे माझ्यासाठी दहावीपर्यंतचा एक पेपर, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा. तेव्हा या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. विषय मात्र अक्षरांचाच आहे, आणि तो मला लायब्ररीत नाही, घरी सापडला.

मालवणला बाजारपेठेत आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशावताराच्या जाहिराती, आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत पत्रकं, किल्ल्यावर जाणाऱ्यांसाठी माहितीचे कागद अशी कामं. मागच्या मे महिन्यात सुट्टीला गेले तेव्हा दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी एक फुकट मिळणारी सिस्टीम टाकली आणि अख्खा डेस्कटॉप मराठी करून दिला. मेनू मराठी, फोल्डरची नावं मराठी, तारीखसुद्धा मराठी. इंजिनिअरिंगला घातलेल्या पैशाचं चीज झालं असं बाबा म्हणतील, अशी माझी अपेक्षा.

बाबांनी पंधरा दिवस काम केलं आणि एक दोनशे पानी वही माझ्या हातात ठेवली. पहिल्या दोन पानांवर चौदा सूचना. अक्षर बारीक आहे. मेनूत खालचा उकार कापला जातो. ल आणि श हिंदीतले आहेत, आपले नाहीत. मेनूतले काही शब्द मालवणात कोणी जन्मात बोलणार नाही. आणि एका ट्रेकिंगवाल्यांच्या पत्रकात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ टाइप केलं तर ‘सह्याद्रीच्या दर्या’ उमटलं. आता दर्या आमच्या दुकानापासून पाच मिनिटांवर आहे, पण सह्याद्रीत तो कुठून येणार?

खरं सांगते, मला राग आला. फुकटातलं सॉफ्टवेअर, त्यावर माझी दोन रात्रींची मेहनत, आणि वर चौदा तक्रारी! पण ही अक्षरं कापतं कोण, मुळात ती बनवतं कोण, हे बघायला म्हणून शोधाशोध केली आणि र. कृ. जोशी हे नाव समोर आलं. कवी आणि सुलेखनकार म्हणून ते अनेकांना माहीत असतील. मला नव्हते. ते गेले तेव्हा मी जेमतेम दोन वर्षांची.

रघुनाथ कृष्ण जोशी यांचा जन्म १९३६चा. मुंबईला जे. जे.मध्ये ते उपयोजित कला शिकले आणि जाहिरातीच्या धंद्यात पडले. उल्का या एजन्सीत त्यांनी वीसेक वर्षं काढली. शिवाय मराठीत कविता लिहिली, तीही अक्षरांच्या मांडणीतून बोलणारी. सुलेखन तर श्वासासारखं. थोडक्यात, हातात कुंचला, बोटांना शाई, आणि कॉम्प्युटरशी दूरचाही संबंध नाही.

१९८३ साली, म्हणजे वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी, ते आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवायला आले. आपल्यासारख्या इंजिनिअरांच्या गराड्यात एक कलावंत! भारतीय भाषांना कॉम्प्युटरवर नीट जागा कशी मिळेल या प्रश्नात ते तिथे पुरते शिरले. सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच लिपी करता येईल का, म्हणून ‘देशनागरी’ नावाचा एक प्रयोगही त्यांनी करून पाहिला. १९९६मध्ये साठीला आल्यावर आयआयटी सुटली, तर हे जुहूला एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेत जाऊन बसले. (ती संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.) आपल्याकडे साठीनंतर लोक नातवंडांना बागेत नेतात. जोशी सरांचं सगळ्यात जास्त लोकांपर्यंत पोचलेलं काम साठीनंतरचं आहे.

ते काम म्हणजे ‘मंगल’. विंडोज २०००बरोबर आलेला हा देवनागरी फॉन्ट तुम्ही नाव न माहीत असताना हजारदा वाचला असेल. त्याच्या आधी बहुतेक मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तिथे इंग्रजी अक्षरच असायचं, फक्त त्याला देवनागरी मुखवटा चढवलेला. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडायचा आणि नुसती अगम्य इंग्रजी अक्षरं दिसायची. बाबांच्या दुकानाने ही गंमत वर्षानुवर्षं भोगली आहे. युनिकोडमध्ये क हा क म्हणूनच साठवला जातो. मग क, हलन्त आणि ष एकत्र आले की क्ष दाखवायचा, हे सिस्टीम आणि फॉन्ट मिळून ठरवतात. त्यासाठी फॉन्टमध्ये एकेका जोडाक्षराचा आकार आणि तो कधी वापरायचा याचे नियम भरावे लागतात.

बरं, मंगल पुस्तकासाठी नव्हता, तो मेनू आणि बटणांसाठी होता. म्हणजे बाबांची दुसरी सूचना जिथली, तिथलाच. आपलं अक्षर तीन मजली. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार. मध्ये अक्षर. खाली उकार. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या पट्टीत हे तीन मजले बसवायचे तर अक्षर तरी बारीक होतं किंवा दोन ओळींत अंतर तरी जास्त लागतं. त्या काळच्या पडद्यावर तर एका अक्षराच्या वाट्याला मोजके ठिपके यायचे. कुंचल्याने वाटेल तेवढं मोठं अक्षर काढता येणाऱ्या माणसाने त्या मोजक्या ठिपक्यांत काम केलं. तरुण सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी गुजरातीचा श्रुती, पंजाबीचा रावी, तेलुगूचा गौतमी, कन्नडचा तुंगा हे फॉन्टही केले. यातली तीन नावं नद्यांची आहेत, ते मला फार आवडलं. एनसीएसटीने त्यांचा ‘रघू’ हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुला केला, म्हणजे लिनक्सवाल्यांचीही सोय झाली. ५ फेब्रुवारी २००८ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं.

आता कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या माणसाने केलं म्हणजे झालं की काम पूर्ण. तसं नाही, आणि मला सांगायचं आहे ते इथेच आहे. मंगलमधले ल आणि श हिंदी वळणाचेच दिसतात. बाबांची तिसरी सूचना! मराठी ल आणि मराठी श कसा असावा हे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात नमुन्यासकट सांगितलं, म्हणजे सर गेल्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांनी. विंडोज ८मध्ये मेनूंसाठी निर्मला हा नवा फॉन्ट आला आणि विंडोज १०मध्ये तर मंगल वेगळा मागवून घ्यायच्या यादीत गेला. याने सरांचं काम लहान होतं का? मला उलट वाटतं. सगळ्यांनी रोज वापरायची वस्तू अशीच पुढे सरकते. एकाने केलेली, दुसऱ्याला खुपलेली, तिसऱ्याने सुधारलेली. पण दुसऱ्याने तोंडच उघडलं नाही, तर तिसऱ्याला कळणार कसं?

मी वही परत काढली. दऱ्यांचा घोळ माझाच निघाला. मी बाबांना जो कीबोर्ड दिला होता त्यात ऱ कुठे आहे तेच मला माहीत नव्हतं. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट आणि जे दाबून येतो, त्याला हलन्त आणि य जोडला की सह्याद्रीत पुन्हा दऱ्या! अक्षर मोठं करणं सेटिंगमध्ये होतं. फॉन्ट बदलल्यावर ल आणि श आपले झाले. उरल्या अकरा. त्या मी इंग्रजीत नीट लिहून, कापलेल्या उकाराच्या चित्रांसकट, सिस्टीम बनवणाऱ्यांना पाठवल्या. एकीवर उत्तर आलंय, अजून एक चित्र पाठवा म्हणून. बाकीच्या दहा तशाच पडून आहेत. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले की आपलं पत्रक छापून झाल्यावरही माणसं चुका दाखवतात, तेव्हा आपण पळून जातो का?

होस्टेलमध्ये आपण सगळेच मेसच्या भाजीपासून वायफायपर्यंत दिवसरात्र कुरकुरतो. पण कागदावर कोण उतरवतं? आणि मराठी डेस्कटॉप तर आपण लावूनच बघत नाही, कारण आपलं इंग्रजीत भागतं. बाबांचं भागत नाही. एक आठवडा मराठीत कॉम्प्युटर वापरून बघा. काय खटकतं ते लिहा. वहीची १९८ पानं कोरी आहेत.